लिंबासाठी अर्धा रस्ता

सायकलवर लिहून राहिलो म्हटल्यावर तुमच्या डोळ्यासमोर कोण आलं असेल, मले माहीत आहे. डोक्यावर टरबुजाच्या फोडीसारखं हेल्मेट, अंगाले चिकटलेली चड्डी, अन् पहाटे पहाटे नागपूरच्या सेमिनरी हिल्सचा चढ. वरून शेवटी तो म्हणणार, सायकलनं मले माणूस बनवलं. तर आधीच सांगून ठेवतो, तसं काही नाही. माही सायकल काळी, बावीस इंची, मागं कॅरिअर अन् कॅरिअरले डबा. तिनं मले माणूस बनवायचं तं सोडा, महिनाभर पक्का राक्षस करून ठेवलं होतं. ही बदल्याची गोष्ट आहे. बदला मी घेतला, मस्तपैकी घेतला, अन् त्याची चव अजून जिभेवर आहे. नाहीतर वाचता वाचता तुम्ही म्हणान, पोरगा सुधारला.

मी नरखेड तालुक्यातला. शाळा गावाची, अन् शाळेत एकच विषय मले चांगला आला, तो म्हणजे आवाज काढणे. संत्र्याच्या बागेतला जुना मोटरपंप आधी खोकते, मग थुंकते, मग चालते, तो मी हुबेहूब काढत होतो. एसटी मागं घेताना कंडक्टर कसा बोंबलते ते काढत होतो. टिटवी काढत होतो. एकदा खिडकीमागून हेडमास्तरच्या आवाजात म्हटलं, "आज अर्धी सुट्टी," तं तीन वर्ग दप्तर घेऊन गेटाबाहेर. त्याच्यानंतर माह्या पाठीतून जे आवाज निघाले ते नक्कल नव्हते.

आता नागपूरला लागून असलेल्या वाडीले किरायाच्या खोलीत राहतो अन् अमरावती रोडवर पाच किलोमीटर पुढे एका पार्सलच्या गोडाऊनमध्ये काम करतो. दिवसभर डब्ब्यांवर स्कॅनरचा लाल उजेड मारायचा अन् टिक आवाज आला की पुढचा डब्बा. टिकही मी तोंडानं काढतो. सुपरवायझर दोनदा फसला.

शेजारच्या खोलीत काका अन् काकू. माह्या नात्यातले नाही, पण पहिल्याच दिवशी काकूनं भाजी दिली अन् काकांनी विचारलं, "सायकल आहे का गा?" म्हटलं आहे. "मग सोबत जाऊ." काका त्याच गोडाऊनच्या गेटवर चौकीदार, दिवसपाळीवर. वय साठीच्या पुढे, खाकी शर्टाची वरची गुंडी लावलेली, अन् सायकल चालवायची तर अशी की जशी परीक्षा द्यून राहिले. वळायचं असलं की हात काढायचे. मागं कोणी नसलं तरी हात. समोर कुत्रं आलं तं त्यालेही हात दाखवून थांबवायचे. मी म्हणो, "काका, कोण पाहून राहिलं तुम्हाले?" तं म्हणत, "कोणी पाहून राहिलं म्हणून करतात काय बे?"

अन् त्या रस्त्यावर तो होता.

पांढरी मोठी गाडी, हत्तीच्या पिल्लाएवढी. मालक पुढे कुठेतरी प्लॉट पाडून विकत होता, म्हणून रोज सकाळी आमच्याच दिशेनं, आमच्याच वेळेले. पंचेचाळीसेक वर्षाचा, काळा चष्मा, हातात जाड कडं. त्याले सायकल दिसली की त्याच्या अंगात काहीतरी व्हायचं. मागून हॉर्न द्यायचा, एक नाही, आठ-दहा. मग बाजूले यायचा, काच खाली, अन् "ए सायकल! उतर खाली!" सायकलले आवाज देत होता बरं, माणसाले नाही. मग गाडी एवढी जवळ घ्यायचा की तुम्ही डांबरावरून मुरमावर, मुरमावरून नालीच्या काठावर. अन् जाताना हसायचा. रस्ता चौपदरी. बाकीचे तीन पदर रिकामे असले तरी त्याले आमचाच वीतभर पाह्यजे होता.

मी सगळं करून पाह्यलं. ओरडून पाह्यलं, त्याच्या काचा बंद. शिव्या दिल्या, हिंदीत, मराठीत, कंडक्टरच्या आवाजात. मग गावाहून येताना कपाशीच्या पऱ्हाटीची लांब काडी आणली, तिले लाल चिंधी बांधली अन् कॅरिअरले आडवी लावली, उजवीकडे दीड हात बाहेर. म्हटलं आता ये जवळ. तो आला, काडी मोडली, अन् हॉर्न देऊन आभार मानून गेला.

काका म्हणत, "जाऊ दे गा. त्याले घाई असन."

"काका, पुढच्या ठेल्यावर तो अर्धा घंटा पोहे खाते. कशाची घाई?"

एका सोमवारी त्याचा डावा आरसा काकांच्या हाताले लागला. मी मागं होतो, सगळं पाह्यलं. काका सायकलसकट मुरमावर पडले. डबा उघडला, भाकर चाकासारखी गोल गोल जाऊन नालीत गेली. घंटीची पितळेची वाटी उडून माह्या पायाजवळ आली. गाडी पुढे जाऊन थांबली, तो उतरला. मले वाटलं, चला, माणूस आहे. काका तं पडल्या पडल्या त्याले म्हणून राहिले, "काही नाही, काही नाही, जरासं लागलं."

तो काकांकडे आलाच नाही. त्यानं डावा आरसा पाह्यला, रुमाल काढला, आरसा पुसला, वाकून अजून एकदा पाह्यलं, अन् गाडीत बसून निघून गेला.

त्या रुमालानं माह्या डोक्यात जे झालं ते अजून तसंच आहे. आरसा पुसला लेकानं.

काकांचं मनगट मोडलं. प्लास्टर. काकू म्हणे, "आता सायकल बंद." काका "बरं" म्हणाले, तेच मले झोंबलं. सायकल अंगणात भिंतीले टेकून राहिली, हळूहळू तिच्यावर टॉवेल वाळत घालणं सुरू झालं. काका शेअर ऑटोनं यायला लागले. पण ऑटो मेन रोडवर सोडे, अन् गोडाऊन आत एक किलोमीटर. हात गळ्यात अडकवून म्हातारा उन्हात पायी पायी यायचा, रोज उशीर. सुपरवायझरनं दोनदा गोड आवाजात म्हटलं, "काका, आता आराम करा ना घरी." गोड आवाजाचा अर्थ आम्हा सगळ्यायले समजते. काका सायकलवर वापस बसले नाही तं नोकरी गेली, एवढं सोपं होतं ते.

मी म्हटलं, "काका, प्लास्टर निघालं की बसजा ना सायकलवर."

"हाताचं काही नाही गा," काका म्हणाले. "मागून हॉर्न वाजला की माह्या पोटात गोळा येते. हॉर्न टीव्हीतला असला तरी."

तेव्हा ठरवलं. काका वापस रस्त्यावर आले पाह्यजे, अन् पोटात गोळा आता त्याच्या आला पाह्यजे.

कसा, ते त्यानंच मले शिकवलं. अमावस्येनंतरची सकाळ. मी एकटाच चाललो होतो. मागून तो आला, आठ-दहा हॉर्न, मी मुरमावर. पुढे चौफुलीवर कोणीतरी उतारा ठेवला होता. पत्रावळीवर भात, कुंकू, टाचण्या टोचलेलं लिंबू, काळी बाहुली. त्याले तो उतारा दिसला मात्र, असा ब्रेक मारला की टायर किंचाळले! अन् गाडी पूर्ण उजवीकडे घातली, पार उलट्या बाजूले. समोरून ट्रक आला. ट्रकवाल्यानं मुंडकं बाहेर काढून विचारलं, "मरना है क्या बे?" त्याले चालत होतं. लिंबाले चाक लागलं नाही पाह्यजे, बस.

मी सायकल थांबवून तिथंच उभा राहिलो. जो माणसासाठी वीतभर सरकला नाही, तो लिंबासाठी अर्धा रस्ता सोडून गेला होता.

मग मी त्याच्या गाडीकडे नीट पाह्यलं. बंपरले लिंबू-मिरची, मागं काळी बाहुली उलटी टांगलेली, आरशाले काळा दोरा, काचेवर चार देव. ह्या माणसाले पोलीस काय करणार? ह्याचं पूर्ण पोलीस स्टेशन गाडीतच होतं.

दुसऱ्या दिवशी मी लवकर निघालो. तर्री-पोह्याचा ठेला चालवणारी ताई मले ओळखे. मी कधी कधी तिले तिच्याच आवाजात ऑर्डर द्यायचो, "एक प्लेट, तर्री मारके!" अन् ती झारा उगारायची. लिंबं मी आदल्या संध्याकाळीच आणली होती. कुंकू खोलीतलं, आधीचा किरायेदार देवाच्या फोटोखाली सोडून गेला होता. टाचण्या नव्हत्या, म्हणून गोडाऊनच्या स्टेपलरनं पिना मारल्या. करनीच्या इतिहासात स्टेपलर पहिल्यांदाच लागला असन. मले भीती नव्हती असंही नाही. ठेवताना मनातल्या मनात म्हटलं, देवा, हे नाटक आहे बरं, मनावर घेऊ नोको.

तो ठेल्यावर पाठ करून पोह्यावर तर्री ओतून घेऊन राहिला होता. मी चप्पल नीट करायला वाकल्यासारखं केलं अन् एक लिंबू पुढच्या चाकासमोर ठेवलं. मग फिरून, एक मागच्या चाकामागं.

तो आला. हात पुसत, दात कोरत. दरवाजा उघडला, अन् खाली नजर गेली. दात कोरणं तसंच थांबलं, काडी तोंडातच.

"ताई, हे कोणी ठेवलं?"

"काय?"

"हे!"

ताई वाकून पाहून लगेच मागं झाली. "अगं बाई. मले काय माहीत दादा."

"कोणाले तरी सांगा ना काढायला."

तिथं सात-आठ माणसं पोहे खाऊन राहिली होती. सगळ्यायले एकदम आपापल्या प्लेटीत काहीतरी सापडलं. कोणी मान वर करे ना. मग त्यानं डोकं चालवलं, गाडी मागं घ्यायची! मागं गेला अन् दुसरं लिंबू दिसलं. मी समोर पाइपांच्या ढिगाआड बसलो होतो, शर्टाची कॉलर दातात धरून. तो गाडीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाले, तिथून वापस. बायकोले फोन लावला. "अगं दोन आहेत, दोन!" मग एक गाय आली. तिच्याकडे तो असा पाहून राहिला जशी ती देवानं पाठवली. गाईनं लिंबू हुंगलं, पिना पाह्यल्या असतील, तोंड फिरवलं अन् ताईच्या कांद्याच्या सालाकडे गेली. मले वाटलं आता हा रडते.

त्याच वेळी मी टिटवी काढली. पाइपाच्या तोंडाशी तोंड नेऊन काढली, तं आवाज असा घुमून निघाला की मीच दचकलो.

पाऊण घंटा तो तिथं उभा होता. शेवटी कोणत्या तरी ट्रकच्या क्लीनरनं पायानं लिंबं उडवली तेव्हा सुटला. गोडाऊनमध्ये त्या दिवशी मी इतके डब्बे टिक-टिक केले की सुपरवायझर म्हणे, "आज काय खाऊन आला बे?"

असं पाचदा केलं. रोज नाही, एक दिवस सोडून. रोज केलं तं सवय होते. मधल्या दिवशी नुसती टिटवी. त्याचं तोंड उतरून राहिलं होतं. चष्मा लावणं बंद झालं, बहुतेक नीट पाह्यता यावं म्हणून. पण सायकलवाल्यायले दाबणं सुरूच होतं! त्याले समजलंच नव्हतं की हे कशासाठी होऊन राहिलं. अन् मले तेच सहन होईना. बदला घ्यायचा अन् त्याच्यावर नाव लिहायचं नाही, म्हणजे लग्नात आहेर देऊन पाकिटावर नाव नाही टाकलं असं झालं.

म्हणून सहाव्या वेळी मी लिंबासोबत काकांच्या घंटीची वाटी ठेवली. त्या दिवशी उचलली ती माह्याजवळच होती. पितळेची, एका बाजूनं चेपलेली. आत कुंकू भरलं, वर लिंबू, अन् बोनेटवर मधोमध.

ह्यालेच म्हणतात अक्कल गहाण ठेवणे. पण तेव्हा मले वाटलं, काय हुशार आहो मी.

परिणाम तं जादूसारखा झाला. दुसऱ्या दिवशी गाडी मागून आली, हॉर्न नाही. मी मुद्दाम हळू चालवलं. तो माह्या मागं, गाईच्या मागं वासरू चालते तसा, पाव किलोमीटर. मग पार तिसऱ्या पदरातून गेला. पुढे एक दूधवाला सायकलवर, दोन कॅन लटकवून, मधात झोकांड्या खात चाललेला. ह्यानं त्याले काचेतून हात जोडले! दूधवाला मागं वळून पाहून राहिला, की कोणाले नमस्कार केला. मी घरी येऊन काकांना तो सगळा सीन करून दाखवला, वासरू, दूधवाला, सगळं. लिंबाचं तेवढं सांगितलं नाही. म्हटलं, "सुधारला वाटते काका तो. प्लास्टर निघालं की निघू आपुन." काका हसले. म्हणाले, "पाहू."

दोन दिवसांनी गाडी गोडाऊनच्या गेटवर आली. घंटीवाला म्हातारा कुठं सापडन, ते त्यानं ठेल्यावर विचारलं असन.

मी आतून पाह्यलं. तो उतरला, गेटाबाहेर बूट काढले. हातात नारळ, अंगावर टाकायचं उपरणं, मिठाईचा डब्बा. काका टेबलाशी, प्लास्टरचा हात गळ्यात. चार हमाल ट्रकवर उभे. तो काकांच्या पायाशीच वाकला.

"आजोबा, चुकलं. काढून घ्या."

"काय काढू?"

"तेच. तुम्ही ठेवलेलं."

"मी काही ठेवत नाही बापा इथं. रजिस्टर तेवढं ठेवतो. एंट्री करायची आहे का?"

"आजोबा, माहं पोरगं तापानं फणफणून राहिलं. परवा अंगावर पाल पडली. गाडीचा एसी बंद. मी हात जोडतो, काढून घ्या."

मग त्यानं खिशातून लाल फडक्यात बांधलेलं काढलं अन् पेनानं ढकलत टेबलावर ठेवलं, हात न लावता. फडकं सुटलं. घंटीची वाटी.

काकांनी वाटी पाह्यली. मग मान वर करून आत पाह्यलं. सरळ माह्याकडे नाही, पण मी होतो त्या बाजूले.

"तुमचं सामान वापस घ्या," काका त्याले म्हणाले. "पोराले दवाखान्यात न्या. मी असं काही करत नाही."

त्यानं ऐकलं नाही. नारळ तिथंच ठेवला अन् पाठ न दाखवता, मागं मागं चालत गाडीपर्यंत गेला. मी डब्ब्यांच्या थप्पीमागं बसून इतका हसलो की डोळ्यातून पाणी. त्या हसण्यात मले ऐकू आलं नाही की बाकी कोणीच हसून नाही राहिलं.

दुपारी हमालायनं काकांच्या थर्मासातला चहा घेतला नाही. रोज घ्यायचे. एक म्हणे पित्त झालं, दुसरा म्हणे उपास. नारळ टेबलावर तसाच, कोणी फोडला नाही, कोणी फेकला नाही. दोन दिवसांत गोष्ट वाडीत आली. हमालापैकी दोघं आमच्याच गल्लीत राहतात. मग लहान पोरं काकांच्या दारासमोरून पळत जायला लागली. कोपऱ्यावरचा किराणावाला काकांना सामान आधी द्यायला लागला, रांगेत उभं राहू न देता. आदरानं नाही, लवकर निघून जावं म्हणून. एक बाई तं चक्क संध्याकाळी येऊन हळूच म्हणे, "बाबाजी, माह्या जावेचं जमन का काही?" काकांनी दार लावून घेतलं.

अन् मग नळ. सकाळी गल्लीतल्या नळावर बायायची रांग राहते, भांडणं राहतात, तेच तं मजेचं राहते. काकू गेली तं बायायनं आपापल्या पाण्याच्या गुंड्या उचलून बाजूले घेतल्या. भांडण नाही, काही नाही. रांग फाटली अन् काकू एकटीच नळासमोर. एकीनं आपल्या तान्ह्यावर पदर टाकला. काकू अर्धीच गुंडी भरून वापस आली. मी दात घासत उभा होतो. ती माह्याकडे पाहून म्हणे, "त्या पोराले मीच नाव सुचवलं होतं," अन् आत गेली.

आतापर्यंत मले एकदाही वाईट वाटलं नव्हतं. खोटं कशाले बोलू? त्या गाडीवाल्याबद्दल आजही वाटत नाही. पण ते वाक्य ऐकून माह्या तोंडातला फेस तसाच राहिला.

संध्याकाळी काका अंगणात बसले होते. प्लास्टर त्याच दिवशी निघालं होतं. हात पांढरा, बारीक. मी गेलो अन् सांगून टाकलं. लिंबू, स्टेपलर, टिटवी, वाटी. माह्या आवाजात सांगितलं, कोणाचाच आवाज न काढता, अन् तो आवाज मले ओळखूच नाही आला.

मग म्हटलं, "पण काका, हे लोकायले सांगितलं तं त्याले समजन की हे सगळं खोटं होतं. त्याची भीती जाईन. तो वापस तसाच करन. तुम्ही सायकलवर बसले की वापस पाडन."

काका उठले. सायकलवरचा टॉवेल काढला, घडी करून काकूजवळ दिला.

"उद्या आठले," म्हणाले.

सकाळी काका सायकलवर बसले. मी मागं. मागून आलेल्या पहिल्या हॉर्नले त्यांची सायकल हलली, मले दिसलं. दुसऱ्याले कमी हलली. ठेल्याशी त्यांनी डावा हात काढला, दाखवला, अन् थांबले. पांढरी गाडी उभी होतीच. तो प्लेट घेऊन होता. काकांना पाहून त्यानं प्लेट खाली ठेवली अन् हात जोडले.

"सांग," काका मले म्हणाले.

मी सांगितलं. आमच्या गल्लीतले ते दोन हमालही तिथं पोहे खाऊन राहिले होते, त्यायच्यासमोर, ताईसमोर, सगळ्यांसमोर. कोणी विश्वास ठेवेना. एक जण म्हणे, "म्हाताऱ्याले वाचवून राहिला." मग मी टिटवी काढली. अख्खा ठेला वर आभाळात पाहून राहिला, मग माह्या तोंडाकडे. ताई पहिल्यांदा हसली, मग सगळे. गाडीवाला सोडून.

त्याचं तोंड आधी ढिलं पडलं, खरंच सुटल्यासारखं. मग लाल झालं. "साल्या, तुह्या तं..." म्हणत तो माह्यावर आला, हात वर.

काका मधात उभे राहिले. आवाज चढवला नाही.

"त्यानं काय केलं ते त्यानं सांगतलं. आता तुम्ही सांगा. माहा हात कसा मोडला?"

तो थांबला. शेगडीवर तर्रीचं गंज तेवढं रटरट करून राहिलं होतं.

"सांगा ना," काका म्हणाले. "पोरानं सांगतलं, तुम्ही तं मोठे आहा."

तो इकडे पाहे, तिकडे पाहे. लिंबाच्या दिवशी सगळे प्लेटीत पाहून राहिले होते, आज एकही माणूस प्लेटीत पाहून नव्हता राहिला. "लागला असन आरसा..." म्हणे, बारीक आवाजात.

"आणि मग?"

तो गाडीत जाऊन बसला. दरवाजा नीट लागला नाही, वापस उघडून लावावा लागला. मागून ताई मोठ्यानं म्हणे, "दादा, उद्यापासून दुसरीकडे पोहे खाजा. मी सायकलवरच येते रोज." गाडी निघाली, अन् मी एवढं ताणून हसलो की काकांनी माही कॉलर धरली.

"चाल."

माहा खरा बदला मले तिथं मिळाला. पण मजा घ्यायला वेळ कुठे होता. काका पुढे, मी मागं, अन् काका मागं न पाहता सुरू झाले, चाकाच्या आवाजावरून ऐकू यावं इतक्या जोरानं.

"भैताड! मले पहिल्याच दिवशी समजलं होतं. ती वाटी पाह्यली तेव्हाच. आठ दिवस तुही वाट पाहून राहिलो, की आज येईन, उद्या येईन. त्याच्याआधी तू येऊन काय केलं होतं? दूधवाल्याची नक्कल! अन् मी हसलो त्याच्यावर, मूर्ख मी!"

"काका, चुकलं."

"चुकलं म्हणू नोको. तोही चुकलं म्हणूनच पाया पडला होता. मनगट मोडलं, डॉक्टरनं जोडलं. तुही काकू त्या नळावर बावीस वर्षांपासून जाऊन राहिली. बावीस! गल्लीतली अर्धी बाळंतपणं तिनं केली. तिले पाहून बाई पोर झाकते? हे कोणाच्या लिंबानं झालं?"

"मी जातो ना काका नळावर, सांगतो सगळ्यायले."

"जाजोच. आज संध्याकाळी. गुंडी घेऊन जाजो, अन् काकूचं पाणी तूच भरजो, महिनाभर. अन् तिथं तोंडातून एकही आवाज काढला ना, टिटवीचा का कोंबडीचा, तं तुह्या मायले फोन लावीन नरखेडले. ती तुले कुत्र्यासारखं मारन."

"हो काका."

"हो काका, हो काका! माह्यासाठी केलं म्हणते. मले विचारलं होतं? मी तुले म्हटलं होतं का, लेका माहा सूड घे? मले रस्ता पाह्यजे होता, बाजूले गाडीनं व्हायचं होतं. तू माणसं बाजूले करून ठेवली!"

मागून एक ट्रक आला, हॉर्न देत. काकांनी सायकल हलू दिली नाही, पण बोलणं थांबवलं. ट्रक गेला तसं वापस सुरू.

"अन् हसून राहिला होता तिथं दात काढून. लाज नाही वाटत? सरळ चालव! अन् ते मागचं चाक पाह्य, हवा नाही त्याच्यात. लिंबं ठेवायला टाइम आहे, हवा भरायला नाही. उतर खाली. उतर म्हणतो ना, भैताडा, रीम खराब होईन!"